आयटक किती वेळा फुटली, कशावरून फुटली आणि आज गेटवर त्याचा काय फरक पडतो?

गोदाकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण, कुठल्याही एमआयडीसीत फिरा. एका गेटवर दोन-तीन झेंडे हमखास दिसतात. आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस), सिटू (सेंटर ऑफ इंडियन ट्रेड युनियन्स), भारतीय मजदूर संघ, इंटक (इंडियन नॅशनल ट्रेड युनियन काँग्रेस), हिंद मजदूर सभा, आणि वर एखादी अंतर्गत युनियन, जिला कुणाचाच झेंडा नाही. नवी पोरं विचारतात की एवढ्या कशाला. उत्तर मिळतं, "पुढाऱ्यांची भांडणं." खोटं नाही ते, पण अर्धवट आहे. म्हणून हा धागा. ज्याला जे पक्कं माहीत आहे तेवढंच लिहावं, ऐकीव नको.

सुरुवात मीच करतो. आयटक ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत एम्पायर थिएटरात स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय, उपाध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा, सरचिटणीस दिवाण चमनलाल. ६४ युनियनांचे प्रतिनिधी हजर होते, सभासद मिळून १ लाख ४० हजारांच्या आसपास. गिरण्यांमधले संप आधीपासून चालूच होते, पण देशपातळीवर एक संघटना त्याच वर्षी का निघाली? व्हर्सायच्या तहातून १९१९ ला आंतरराष्ट्रीय कामगार संघटना उभी राहिली. तिच्या परिषदेला जाणारा कामगार प्रतिनिधी देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनेशी बोलून नेमायचा, असा नियम. आपल्याकडे अशी संघटनाच नव्हती, म्हणून पहिल्या वॉशिंग्टन परिषदेला सरकारने कामगार पुढारी ना. म. जोशींना परस्पर नेमून टाकलं. माणूस चांगला होता, तक्रार नेमण्याच्या पद्धतीवर होती. तेव्हा "कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा" हा प्रश्न आयटकच्या जन्मातच आहे. पुढच्या सगळ्या फुटी वाचताना हे डोक्यात ठेवा.

जुनी_फाईल (सोमवार, रात्री १०:२५)

चांगला विषय. १९२६ च्या कायद्याची पार्श्वभूमी आधी टाकतो, नाहीतर पुढचं लागणार नाही.

एप्रिल १९१८ मध्ये बी. पी. वाडियांनी मद्रास लेबर युनियन काढली. बकिंगहॅम मिलच्या मालकांनी वाडियांवर दावा लावला की यांनी आमच्या कामगारांना नोकरीचा करार मोडायला चिथावलं. मद्रास हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. म्हणजे युनियन चालवायची तर नुकसानभरपाईची टांगती तलवार घेऊनच. १९२१ ला ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात युनियनांना संरक्षण देण्याचा ठराव आणला आणि त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला, अंमल १ जून १९२७ पासून. कलम १७ ने फौजदारी कटाच्या आरोपातून आणि कलम १८ ने दिवाणी दाव्यातून नोंदणीकृत युनियनला सूट मिळाली.

पण त्या कायद्यात एक मोठं भगदाड राहिलं. नोंदणी कशी करायची ते होतं, मालकाने कुणाशी बोलणी करायची ते नव्हतं. २००१ च्या दुरुस्तीपर्यंत सात माणसं जमली की युनियन व्हायची, आणि एका कारखान्यात अशा कितीही. झेंड्यांची गर्दी होण्यामागे विचारसरणीइतकंच हे भगदाडही आहे, असं माझं मत.

आता फुटी. १९२९ ला नागपूर अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. रॉयल कमिशन ऑन लेबर, म्हणजे व्हिटली कमिशन, त्याच्यावर बहिष्कार घालायचा की साक्ष द्यायची यावर दोन तट पडले. बहिष्काराचा ठराव पास झाला. ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी वगैरे मंडळी बाहेर पडली आणि इंडियन ट्रेड युनियन फेडरेशन काढलं. पुस्तकात इथवर असतं. ठरावाला बहुमत कुठून आलं, ते बघा. १९२८ च्या मोठ्या संपानंतर मुंबईची गिरणी कामगार युनियन एकदम फुगली होती, तिचे सभासद ५४ हजार सांगितले जात. अधिवेशनात मतं सभासदसंख्येवर मिळतात. एवढी मोठी युनियन आत आली की पारडं फिरणारच. बाहेर पडलेल्यांचा मोठा राग त्या आकड्यावर होता.

दुसरी फूट १९३१, कलकत्ता, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. तोवर गिरणी कामगार युनियनीतच दोन गट झालेले, एक कांदळकरांचा आणि एक देशपांड्यांचा. खरी युनियन कुठली, कुणाच्या प्रतिनिधींना बसू द्यायचं, हे ठरवणाऱ्या समितीवरून धुमश्चक्री झाली आणि कम्युनिस्ट गट बाहेर पडून रेड ट्रेड युनियन काँग्रेस निघाली. १९३५ ला ती परत आली. जोशी-गिरींच्या बाजूशी नागपुरात १९३८ ला समझोता झाला आणि १९४० ला पूर्ण विलीनीकरण. समझोत्यातली अट वाचण्यासारखी आहे: राजकीय प्रश्न आणि संपाचे निर्णय तीन चतुर्थांश बहुमताशिवाय घ्यायचे नाहीत. साध्या बहुमताने घर मोडतं हे तेव्हा सगळ्यांना कळलं होतं.

मोंढा (सोमवार, रात्री १०:५१)

म्हणजे क्रांती राहिली बाजूला, भांडण मतदार यादीचं. आमच्या बाजार समितीसारखंच की 😄

हिमरू (मंगळवार, सकाळी ७:१५)

@मोंढा, हसण्यावारी नेऊ नका. यादीवरून भांडण पेटतं, पण यादी ताब्यात कशासाठी हवी असते? धोरण ठरवायला. व्हिटली कमिशनशी सहकार्य करायचं की नाही, हा नुसता कागदाचा प्रश्न नव्हता. मीरतच्या कम्युनिस्ट कट खटल्यात १९२९ च्या मार्चमध्ये कामगार पुढारी उचलून आत टाकलेले. त्याच सरकारच्या कमिशनपुढे जाऊन बसायचं का, असा तो सवाल होता.

पुढच्या फुटी तर सरळ राजकारणाच्या आहेत. युद्धाला पाठिंबा द्यायचा की नाही यावरून १९४१ ला मानवेंद्रनाथ रॉय यांच्या लोकांनी इंडियन फेडरेशन ऑफ लेबर वेगळं केलं. रशिया युद्धात उतरल्यावर कम्युनिस्टांनी 'लोकयुद्धा'ची, म्हणजे युद्धाला पाठिंब्याची भूमिका घेतली, १९४२ ला काँग्रेसवाले तुरुंगात गेले आणि आयटक कम्युनिस्टांच्या हातात राहिली. याचा हिशेब काँग्रेसने ३ मे १९४७ ला दिल्लीत इंटक स्थापन करून चुकता केला. स्वातंत्र्य तीन-साडेतीन महिन्यांवर होतं. सत्तेवर येणाऱ्या पक्षाला आपली कामगार संघटना हवी होती, हे उघड आहे. तिच्यामागे अहमदाबादच्या मजूर महाजन या गिरणी कामगार संघटनेचं लवादाचं वळण, गुलझारीलाल नंदा, खंडुभाई देसाई.

डिसेंबर १९४८ मध्ये हावड्याला समाजवाद्यांनी हिंद मजदूर सभा काढली, रॉयवाल्यांचं फेडरेशनही त्यात विलीन झालं. अध्यक्ष नागपूरचे रा. शं. रुईकर, सरचिटणीस अशोक मेहता. १९४९ ला युटीयूसी (युनायटेड ट्रेड युनियन काँग्रेस). आणि ३० मे १९७० ला कलकत्त्यात मार्क्सवादी कम्युनिस्टांची सिटू, अध्यक्ष बी. टी. रणदिवे. इथं एक गोष्ट नेमकी ध्यानात घ्या. कम्युनिस्ट पक्ष १९६४ ला फुटला, पण आयटक त्यानंतरही सहा वर्षं एक होती. पक्ष एका ठरावात फुटतो. युनियन फोडायची म्हणजे कार्यालयं, फंड, कोर्टातले चालू दावे, मान्यतेची प्रमाणपत्रं, सगळं वाटून घ्यावं लागतं.

डांग्यांबद्दल दोन ओळी, कारण त्यांचं नाव निघणारच. आयटकचे कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे यांच्याएवढी गिरणगावाची नस कुणाला सापडली नव्हती. पण काँग्रेसशी जुळवून घेण्याची त्यांची लाइन आणीबाणीत आयटकला फार महाग पडली. संप बंद, बोनसवर गदा, आणि आपली संघटना सरकारच्या बाजूला. १९८१ ला पक्षानेच त्यांना काढलं.

विश्वकर्मा_चौक (मंगळवार, दुपारी १:३०)

१९५५ सोडून दिलं राव तुम्ही. २३ जुलै १९५५, भोपाळ, भारतीय मजदूर संघ (भामसं). संस्थापक दत्तोपंत ठेंगडी, मूळचे वर्ध्याच्या आर्वीचे. धाग्यात वर आलेल्या केंद्रीय संघटनांत ही एकच अशी आहे की जी आयटक फोडून किंवा आयटकमधून निघालेली नाही, शून्यातून उभी राहिली. म्हणून तिचा आरंभीचा काळ संथ आहे. तयार युनियन पळवायच्या नव्हत्या, बँक, संरक्षण कारखाने, वीज मंडळ अशा ठिकाणी एकेक करून बांधल्या. १ मे ऐवजी विश्वकर्मा जयंती, हे सर्वांना माहीतच आहे.

"सरकारची युनियन" असं कुणी म्हणण्याआधी सांगतो: केंद्राच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतल्या तरतुदींना भामसंनेही हरकत घेतली आहे.

हिमरू (मंगळवार, दुपारी २:०५)

हरकत घेतली, मान्य. पण २ सप्टेंबर २०१५ च्या देशव्यापी संपातून ऐनवेळी बाहेर पडले आणि त्यानंतर केंद्रीय संघटनांच्या संयुक्त मंचाच्या संपात नाहीत. पत्र द्यायचं आणि गेटवर यायचं नाही, याला जे म्हणायचं ते म्हणा.

विश्वकर्मा_चौक (मंगळवार, दुपारी २:२०)

इंटकने काँग्रेस राजवटीत आणि आयटकने आणीबाणीत तेच केलं, वरती तुम्हीच लिहिलंय.

गोदाकाठ (मंगळवार, दुपारी ३:००)

दोघांनाही विनंती, इथे थांबा. दोन्ही मुद्दे नोंदले गेले. आता मराठवाड्यावर या.

लातूर_रोड (मंगळवार, रात्री ८:४५)

मराठवाड्यात आयटक उशिरा आणि तुटक का रुजली, याची कारणं मांडतो.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. ब्रिटिश हिंदुस्थानातला १९२६ चा कायदा इथे लागू नव्हता, म्हणजे वर जुनी_फाईल यांनी सांगितलेलं कलम १७-१८ चं कवच नाही. दुसरं, संस्थानातला संघटित कामगार होता कुठे? हैदराबाद शहरात, सिंगरेणीच्या कोळसा खाणीत, शहाबादच्या सिमेंट कारखान्यात, गुलबर्ग्याच्या गिरणीत. आपल्या वाट्याला नांदेडची उस्मानशाही मिल, औरंगाबादची कापड गिरणी, निजाम रेल्वेचे कामगार आणि गावोगावची जिनिंग-प्रेसिंग. त्यातलं जिनिंग हंगामी. दिवाळीनंतर सुरू होतं, उन्हाळ्यापर्यंत भोंगा बंद. हंगाम संपला की माणूस शेतात आणि वर्गणी बंद. पुढच्या साली तीच माणसं येतील याचा भरवसा नाही.

१९४६ ला ऑल हैदराबाद ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, आयटकशी जोडलेली. अध्यक्ष मख्दूम मोहिउद्दीन, म्हणजे उर्दूतले मोठे कवी तेच. सोबत राज बहादूर गौड. (कवी अध्यक्ष असलेली कामगार संघटना दुसरी कुठली असेल तर सांगा.) पण लवकरच कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली, कार्यकर्ते भूमिगत झाले, तेलंगणात सशस्त्र लढा पेटला. युनियन म्हणजे रोजचं कारकुनी काम. सभासद वही, वर्गणी, तक्रार अर्ज, तारखा. भूमिगत माणसाकडून ते होत नाही. लढवय्ये पुढारी मिळाले, दप्तर मिळालं नाही.

पोलिस कारवाईनंतर व्ही. डी. देशपांडे, चंद्रगुप्त चौधरी यांच्यासारखी मराठवाड्यातली माणसं कामगार-शेतमजुरांच्या प्रश्नावर उभी राहिली. देशपांडे तर १९५२ च्या हैदराबाद विधानसभेत विरोधी बाजूचे नेते होते. मग १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, कायदे बदलले, कोर्टं बदलली. उस्मानशाही मिलचं पुढे राष्ट्रीयीकरण झालं आणि शेवटी ती बंद पडली. वाळूज मोठं झालं ते १९८५ ला बजाजचा कारखाना आल्यानंतर. म्हणजे मुंबईतला गिरणी संप (१८ जानेवारी १९८२) होऊन गेल्यावर. तोवर केंद्रीय संघटनांवरचा कामगारांचा विश्वास डळमळलेला आणि मालक लोक सावध झालेले. औरंगाबादला अंतर्गत युनियनचं प्रस्थ आहे, त्याचं मूळ या वेळापत्रकात शोधा.

बालाघाट (मंगळवार, रात्री ९:३०)

लई भारी लिहिलंय. पण आमच्या बीडकडं कारखान्याच्या आत कमी आन् बाहेर जास्त कामगार हायेत. ऊसतोडवाल्यांला ह्या आयटक-सिटूचा उपेग काय? कोयता कुणाच्या हजेरीवर लागतोय ते आधी सांगा.

लातूर_रोड (मंगळवार, रात्री १०:१०)

@बालाघाट, दादा, प्रश्न नेमका आहे. साखर कारखान्यातला कायम आणि हंगामी कामगार १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली यायचा. त्यात प्रातिनिधिक युनियन व्हायला त्या स्थानिक क्षेत्रातल्या त्या उद्योगातले २५ टक्के सभासद सलग तीन महिने लागायचे. पण तोडणीवाला कारखान्याच्या पटावर नसतो. उचल (आगाऊ रक्कम) देतो मुकादम, मुकादमाला पैसे येतात वाहतूक ठेकेदाराकडून किंवा कारखान्याने उभ्या केलेल्या तोडणी-वाहतूक संस्थेकडून. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचलीचा हिशेब बहुतेक नवऱ्याच्याच नावावर. मग सभासद कोण, एक की दोन? इथूनच मोजणी बिघडते.

त्यामुळे तिथे मान्यता वगैरे भानगड नाही, ताकद एकच: हंगाम सुरू होण्याआधी गाड्या न भरणं. एकदा अड्ड्यावर उतरलं की उचल फिटेपर्यंत हात बांधलेले. दर ठरतात राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात, साधारण तीन-तीन हंगामांसाठी. जानेवारी २०२४ ला ३४ टक्के वाढ ठरली ती अशीच, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने. टेबलावर सिटूची संघटना असते, इतरही असतात. पण त्या खुर्चीमागे पावत्यांपेक्षा जिल्ह्याचं राजकारण जास्त असतं.

पावतीबुक (बुधवार, सकाळी ११:००)

आता देशपातळीवरचे आकडे. केंद्रीय संघटना म्हणून मान्यता मिळवायला किमान ५ लाख पडताळलेले सभासद, तेही किमान चार राज्यांत आणि चार उद्योगांत, असा निकष होता. पडताळणी मुख्य कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडून. संघटना दावा दाखल करते, त्यावर इतर संघटना हरकती घेतात, मग नमुना म्हणून निवडलेल्या युनियनांची दप्तरं जाग्यावर तपासली जातात.

३१ डिसेंबर १९८९ च्या तारखेवर: भामसं ३१.१७ लाख, इंटक २७.०६, सिटू १७.९८, हिंद मजदूर सभा १४.७७, आयटक ९.२३.
३१ डिसेंबर २००२ च्या तारखेवर: भामसं ६२.१५ लाख, इंटक ३९.५४, आयटक ३४.४२, हिंद मजदूर सभा ३३.३८, सिटू २६.७८.

बघा, आयटक तेरा वर्षांत नऊ लाखांवरून चौतीस लाखांवर. कारखाने वाढले म्हणून? नाही. शेतमजूर आणि असंघटित क्षेत्र मोजलं गेलं म्हणून. आपल्याकडेही तेच चित्र आहे. परभणी, हिंगोली, बीडला लाल झेंड्याखाली दिसतात त्या अंगणवाडी ताई, आशा, शालेय पोषण आहारवाल्या बाया, ग्रामपंचायत कर्मचारी. यातल्या बहुतेकांना सरकार पगार देत नाही, मानधन देतं, आणि कामगार म्हणायला तयार नसतं. अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २५ एप्रिल २०२२ चा निकाल द्यावा लागला. जी संघटना १९२० ला गिरणी आणि रेल्वेच्या जोरावर उभी राहिली, ती आज अंगणवाडीच्या जोरावर उभी आहे. लाल झेंड्याच्या पुढाऱ्यांना हे भाषणात आवडतं. राज्य कार्यकारिणीत बायका किती, ते विचारून बघा.

वाळूज_बी_सेक्टर (बुधवार, रात्री ९:२०)

धाग्याचा तिसरा प्रश्न राहिला, गेटवर फरक काय. लिहितो सविस्तर.

१९२६ च्या कायद्यातलं भगदाड महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्याने बुजवलं. पूर्ण नाव लांबलचक आहे (युनियनला मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना आळा), आपण सगळे 'एमआरटीयू-पल्प' म्हणतो. अंमल सप्टेंबर १९७५ पासून. मान्यतेचं प्रकरण ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला लागू. १९४६ च्या कायद्याखालच्या उद्योगांना ते प्रकरण लागू नाही, म्हणून साखर कारखान्याचा दाखला वाळूजला देऊ नका.

कलम ११: ज्या महिन्यात अर्ज करायचा, त्याच्या आधीचे पूर्ण सहा कॅलेंडर महिने एकूण कामगारांपैकी ३० टक्के तुमचे सभासद हवेत. २४० कामगार असतील तर ७२. अर्ज औद्योगिक न्यायालयात. सहा महिने सरासरी नव्हे, अख्खा काळ. चौथ्या महिन्यात ७१ वर आलात तर घड्याळ पुन्हा शून्यावर. लातूर_रोड यांनी जिनिंगचं सांगितलं, त्याचं इथे काय होईल ते तुम्हीच बघा.

वर्गणी दरमहा किमान ५० पैसे घटनेत लिहिलेली हवी. कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत एकदा, ठराव इतिवृत्त वहीत, आणि वर्षातून एकदा सरकारने नेमलेल्या लेखापरीक्षकाला हिशेब तपासू द्यायचा. हे कलम १९. 'सभासद' कोण, याची व्याख्याही कडक आहे. सहा महिन्यांत तीन कॅलेंडर महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली की तो माणूस मोजणीतून बाद.

आता बिघडतं कुठे ते. पावती पुस्तकात सहा महिन्यांच्या पावत्या एकाच दिवशी बसून फाडलेल्या असतात. समोरच्या युनियनचा वकील पहिल्यांदा काय बघतो? पावत्यांचे अनुक्रमांक. जानेवारीची पावती क्रमांक ४१० आणि मार्चची ३८५ असेल तर खेळ संपला. दुसरं, पावतीवर टोकन नंबर नाही. एकाच आडनावाचे आणि नावाचे तिघं-चौघं कंपनीत असतात, मग कोणता तो? तिसरं, पावत्या आहेत पण रोकड वहीत त्या तारखेला जमा नाही, आणि बँकेत तर काहीच नाही. चौथं, तोच कामगार दोन युनियनच्या वह्यांत. कोर्टात उभा करून विचारलं की तो व्यवस्थापनाकडे बघतो.

यावर उपाय म्हणजे स्थळप्रत असलेलं छापील क्रमांकाचं पुस्तक, दर महिन्याच्या पगारानंतरच्या आठवड्यात वसुली, त्याच दिवशी रोकड वहीत नोंद, आठवड्याच्या आत बँकेत भरणा. पगारातून कपात करून घ्यायची असेल तर वेतन प्रदान कायद्यात प्रत्येक कामगाराच्या लेखी संमतीने ती सोय होती. पण मान्यता नसलेल्या नव्या युनियनने कपातीच्या मागे लागू नये. संमतीपत्रांचा गठ्ठा म्हणजे तुमची सभासद यादी आयती व्यवस्थापनाच्या टेबलावर.

आणि मान्यता मिळाल्यावर मिळतं काय? सामूहिक बोलणी, सूचना फलक, आवारात वर्गणी. त्याहून मोठं म्हणजे परिशिष्ट ४ (मालकाच्या अनुचित प्रथांची यादी) मधली बाब ६, माणसांना वर्षानुवर्षं बदली कामगार किंवा तात्पुरतं ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणं. मान्यताप्राप्त युनियन असेल तर त्यावरची तक्रार फक्त तीच करू शकते, कलम २१. ती गप्प बसली तर बाकीचे झेंडे बघत राहतात. कुठली युनियन मान्यताप्राप्त आहे याला इतकं महत्त्व का, ते यावरून कळेल. बिगर-मान्यता युनियनला वैयक्तिक सभासदाच्या बडतर्फी-निलंबनाबद्दल बोलायचा हक्क तेवढा आहे.

मान्यताप्राप्त युनियन हटवायची तर कलम १४. मान्यताप्राप्त म्हणून तिची नोंद होऊन दोन वर्षं झाल्याशिवाय कोर्ट नव्या युनियनचा अर्ज ऐकत नाही.

मोंढा (बुधवार, रात्री ९:५८)

मग केंद्रीय संघटनेचा झेंडा लावून फायदा काय? हे सगळं अंतर्गत युनियनपण करू शकते.

वाळूज_बी_सेक्टर (बुधवार, रात्री १०:३०)

करू शकते, आणि करतेही. फायदा होतो तो वकील, जुने करार आणि बाहेरचा पदाधिकारी यांचा. एखाद्या कंपनीचे पुणे, औरंगाबाद, होसूर असे तीन कारखाने असतील तर तिन्हीकडचे वेतन करार संघटनेच्या कार्यालयात असतात. अंतर्गत युनियनला शेजारच्या कंपनीचा करारही मिळत नाही. बाहेरच्या माणसाला कामावरून काढायची धमकी देता येत नाही, म्हणून तो टेबलावर मोकळं बोलतो. अर्थात बाहेरचे पदाधिकारी एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यातली जी संख्या कमी असेल तेवढेच, २००१ च्या दुरुस्तीपासून. असंघटित क्षेत्रात निम्मे चालतात.

तोटा असा की वरच्या कार्यालयाला संलग्नता वर्गणी सभासदसंख्येवर द्यायची असते. म्हणून भाषणात दोन हजार सभासद आणि वर्गणी भरताना तीनशे. पडताळणी आली की दोन हजार सिद्ध करायला कागद नसतो. १९२९ ला फुगलेल्या आकड्यावरून घर मोडलं, आज खोट्या आकड्यावरून मान्यता जाते.

जुनी_फाईल (गुरुवार, सकाळी ८:१०)

उत्तम. एक भर घालतो. चार कामगार संहिता केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केल्या. औद्योगिक संबंध संहितेने १९२६ चा ट्रेड युनियन, १९४६ चा स्थायी आदेश आणि १९४७ चा औद्योगिक विवाद असे तीन केंद्रीय कायदे रद्द केले. एमआरटीयू-पल्प राज्याचा कायदा, तो या तिघांत नाही. दोन्हींचा मेळ कसा लावायचा यावर कोर्टात कीस पडणार, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय नवा अर्ज टाकू नका.

संहितेत मोजणी अशी: एकच युनियन असेल तर ती वाटाघाटी युनियन. अनेक असतील तर ५१ टक्के पटावरचे कामगार जिच्याकडे, ती एकटी. कुणाकडेच ५१ नसतील तर वाटाघाटी परिषद, आणि तिच्यात किमान २० टक्के असलेल्या युनियनना जागा, दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. म्हणजे ४५, ३० आणि १५ अशी विभागणी असेल तर १५ वाला बाहेर, ४५ आणि ३० वाले आत. तीन झेंड्यांच्या गेटवर लहान युनियनांना एकत्र येण्याशिवाय गत्यंतर नाही. १९३८ ला जे तीन चतुर्थांशाच्या अटीने जमवलं ते आता टक्केवारी जमवेल, असं म्हणणारेही आहेत. मला शंका आहे. मालकाला ५१ ची घरची युनियन उभी करणंही तेवढंच सोपं झालंय.

शिवाय संपाला १४ दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांत, आणि ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच.

स्टील_जालना (गुरुवार, दुपारी १२:४०)

आमच्याकडे रोलिंग मिलमध्ये कायम माणसं तीस-पस्तीस आणि ठेकेदाराची तीनशे. टक्केवारी कशावर काढायची? ठेकेदाराचे कामगार आणि ॲप्रेंटिस पोरं धरायची का?

वाळूज_बी_सेक्टर (गुरुवार, रात्री ८:०५)

@स्टील_जालना, ॲप्रेंटिस कायद्याखाली करार झालेली पोरं धरता येत नाहीत, कलम १८ प्रमाणे ती कामगार नाहीत. पण नुसता 'ट्रेनी' शिक्का मारून मशीनवर पूर्ण पाळी राबवत असतील आणि करार नोंदलेला नसेल, तर ती वेगळी केस. त्यांची ड्युटी चार्टची प्रत आणि उत्पादनाच्या नोंदी आधी गोळा करा.

ठेकेदाराच्या माणसांवर बहुतेक जण एक चूक करतात. सरळ मुख्य कंपनीविरुद्ध औद्योगिक न्यायालयात अनुचित प्रथेची तक्रार टाकतात. सर्वोच्च न्यायालयाने २००१ ला सिप्ला आणि कल्याणी स्टील्सच्या प्रकरणांत सांगितलंय की मालक-कामगार नातंच वादात असेल तर ती तक्रार तिथे चालत नाही, आधी नातं औद्योगिक विवाद म्हणून सिद्ध करा. वर्षं जातात आणि हाती काही लागत नाही. तेव्हा दोन रस्ते वेगळे ठेवा. ठेकेदाराला मालक धरून त्याच्याकडच्या तीनशेंची युनियन नोंदवा, किमान वेतन, पीएफ, बोनस त्याच्याकडून वसूल करा आणि न दिल्यास मुख्य कंपनीवर जबाबदारी टाका. ठेका खोटा आहे हा वाद स्वतंत्र चालवा. त्यासाठी गेटपास, सुपरवायझर कुणाचा, हजेरी कोण घेतो, ठेकेदार बदलला तरी माणसं तीच राहिली का, याचे कागद लागतात. ठेकेदाराचा परवाना किती माणसांचा आहे ते कामगार उपायुक्त कार्यालयात माहिती अधिकारात मागा. परवाना शंभरचा आणि माणसं तीनशे, असं निघालं तर अर्धी लढाई तिथेच.

पस्तीस कायम कामगारांचं म्हणाल तर पन्नासची अट मागच्या बारा महिन्यांतल्या कोणत्याही एका दिवशी पूर्ण झाली तरी चालते. मागच्या वर्षीचं मस्टर बघा.

स्टील_जालना (गुरुवार, रात्री ८:३२)

मस्टरची झेरॉक्स आहे. मार्चमध्ये ५४ दिसतायत. परवान्याचा अर्ज उद्याच टाकतो.